तीन जातींचे डेटाबेस, एकच मॉनिटर: आधी एवढंच कर

अरे, पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर या तिन्ही डेटाबेसवर नजर ठेवायचं काम (मॉनिटरिंग) एकदम अंगावर पडलं म्हणून घाबरू नकोस. हिंजवडीत बऱ्याच जणांची हीच कथा आहे.

टूल शोधण्याआधी कागदावर यादी कर: कुठला डेटाबेस, कुठली आवृत्ती, पडला तर फोन कोणाचा वाजणार. मग मॉनिटरिंगच्या टूलपैकी प्रोमिथियस-ग्राफाना (जोडी) किंवा झॅबिक्स, यातलं एकच घे. दोन्ही फुकट आहेत. टीमला झेपेल ते.

सुरुवातीला चारच गोष्टी बघ:
- डिस्क किती उरली (लॉगचीसुद्धा!)
- कनेक्शन किती भरली
- रेप्लिका (डेटाबेसची चालू प्रत) मूळ डेटाबेसच्या किती मागे
- शेवटचा बॅकअप कधी

खराडीत असताना मी पहिल्याच आठवड्यात साठेक अलर्ट लावले. फोन इतका कोकलायचा की सगळ्यांनी म्यूट केला, आणि डिस्क खरंच भरली तेव्हा ते ग्राहकाकडून कळलं. ज्यासाठी रात्री उठणार नाहीस, त्याचा अलर्ट नको.

मॉनिटरिंगला अ‍ॅडमिनचा पासवर्ड देऊ नकोस. पोस्टग्रेसमध्ये १०व्या आवृत्तीपासून पीजी_मॉनिटर रोल (मॉनिटरिंगपुरते अधिकार) आहे, तो पुरतो. ओरॅकलच्या एडब्ल्यूआरला (कामगिरीच्या नोंदींचा साठा) हात लावण्याआधी डायग्नोस्टिक्स पॅकचं लायसन्स आहे का, ते विचार. आणि मॉनिटर वेगळ्या मशीनवर बसव, नाहीतर सर्व्हर पडला की दोघंही गप्प.

क्वेरी ट्यूनिंगचं (संथ क्वेरी वेगवान करण्याचं) नंतर बघू. आधी ती यादी टाक इथे.