‘तो पहिल्यापासून असाच आहे’

“मॅडम, तुम्हीच सांगा, यांना ते बँड सोडायला लावू का नको? मी बोलतो तर माझ्यावरच खेकसतात.”

कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या एका काकूंचा हा प्रश्न. माझ्याकडे तो वेगवेगळ्या वेषांत येतच असतो. कधी भजनी मंडळ असतं, कधी गडकिल्ल्यांवर जाणारा ग्रुप, कधी शाळेच्या जुन्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप. निवृत्तीनंतर जुने मित्र पुन्हा भेटतात, काही महिने घरात सणाचं वातावरण असतं. मग एक दिवस माणूस तिथून येतो तो न जेवता झोपतो. घरच्यांना वाटतं, सत्तरीत हा मनस्ताप विकत कशाला घ्यायचा?

या वेळी मामला रॉक अँड रोलचा होता. काकूंचे यजमान आणि त्यांचे तीन जुने मित्र, असा चौघांचा बँड. चौघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि आण्णा, तात्या, भाऊ, बापू ही नावंही मीच दिली आहेत.

सत्तरच्या दशकात कॉलेजात असताना या चौघांनी बँड काढला. रेडिओ सिलोनवरची इंग्रजी गाणी कान देऊन ऐकायची, शब्द अर्धेमुर्धे उतरवून घ्यायचे, अमेरिकन रॉक अँड रोल गिटारवादक चक बेरीच्या गिटारीची सुरुवात घासून घासून बसवायची. रॉक अँड रोलची बरीचशी गाणी बारा मात्रांच्या नव्हे, बारा बारच्या, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या बारा तुकड्यांच्या, चक्रावर फिरतात. सूर ‘ए’ असेल तर ए, डी, ई या तीन कॉर्डमध्ये काम भागतं. “तीन कॉर्ड आल्या की आम्ही एल्व्हिस,” असं भाऊ सांगतात. स्नेहसंमेलनात पब्लिक हिंदीसाठी ओरडायला लागलं की ‘ईना मीना डीका’ बाहेर निघायचं. 1957 च्या ‘आशा’साठी सी. रामचंद्रांनी ते बांधलं तेव्हा रॉक अँड रोलचा झटका आपल्याकडे थेट मराठी संगीतकाराच्या हातून आला, हे आण्णा आजही छाती फुगवून सांगतात.

बँड मोडला तो एका हँडबिलावरून. तात्यांनी छापून आणलं, त्यात तात्यांचं नाव इतरांपेक्षा मोठ्या टायपात. भाऊ गायक. त्यांचं नाव खाली, बारीक. मग नोकऱ्या, लग्नं, घराचे हप्ते. गावातल्या गावात राहून चौघं वर्षानुवर्षं फक्त लग्नाच्या पंगतीत भेटत राहिले.

आता सगळे मोकळे झाले. उद्यमनगरात आण्णांचं बंद पडलेलं वर्कशॉप होतं, वर पत्रा, खाली कोबा. तिथे ड्रम लागले. सुरुवातीला काकू, म्हणजे तात्यांच्या घरच्या, डब्यातून भडंग पाठवत होत्या. पुढे कुरबुरी सुरू झाल्या. तात्या गिटारचा आवाज वाढवतात, भाऊंचं गाणं झाकून टाकतात, मध्येच ताल सोडून पळतात, आणि कुणी बोललं की भडकतात. बापू दोनदा बास गिटार पिशवीत घालून उठून गेले होते.

मी चौघांना वेगवेगळं भेटले. तिघांनी जवळपास एकच वाक्य ऐकवलं. आण्णा म्हणाले, “तात्या पहिल्यापासून असाच हाय.” भाऊ म्हणाले, “पुढं पुढं करायची सवय त्याची. हँडबिल बघितलं असतं तुम्ही म्हणजे कळलं असतं.” बापूंनी फक्त हात झटकला.

जुन्या मित्रांच्या भांडणात मला सगळ्यात जास्त धास्ती या वाक्याची वाटते. नवी ओळख असेल तर माणूस निदान विचारतो, ‘का हो, काय झालं?’ जुन्या मित्राला कुणी विचारत नाही, कारण उत्तर आधीच तयार असतं. वीस वर्षांच्या पोराबद्दल बांधलेलं मत सत्तरीच्या माणसावर जसंच्या तसं चढवलं जातं, आणि मधल्या काळात त्या माणसाचं, त्याच्या शरीराचं काय झालं हे बघायचं राहून जातं.

तात्या आले ते तावातच. “भाऊ तोंडातल्या तोंडात गातोय. शब्द कळत नाहीत. मी बोललो तर मीच वाईट.” समोरासमोर बोलत होतो तोवर सगळं सुरळीत होतं. मी पाणी घ्यायला उठले आणि पाठमोरी असताना विचारलं, “सराव किती वाजता असतो?” उत्तर आलं, “हो, सूनबाई पण चांगली आहे.”

मग मी बँडचा विषय बाजूला ठेवला आणि आयुष्यभराच्या कामाबद्दल विचारलं. तात्यांची सगळी नोकरी फोर्जिंगच्या शेडमध्ये गेली होती. हातोड्याच्या मशीनशेजारी. कानात बोळा? “तेव्हा कोण घालत होतं?”

वय आणि कारखान्याचा आवाज हे दोन्ही कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी मारतात, आणि बहुतेक वेळा आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. स, श यांसारखी व्यंजनं त्याच पट्टीत येतात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. त्यामुळे अशा माणसाला ‘ऐकू येत नाही’ असं वाटतच नाही. त्याला वाटतं, समोरचा नीट बोलत नाही. भाऊ तोंडातल्या तोंडात गातात ही तक्रार कुठून आली ते इथे कळतं. ड्रमच्या झांजा, त्यातही पायाने मिटणारी हाय-हॅट, याच पट्टीत वाजते. ती ऐकू आली नाही तर ताल निसटणारच. आणि स्वतःची गिटार बोथट वाटली की माणूस ॲम्पवरचा (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या डब्यावरचा) ट्रेबल, म्हणजे उंच पट्टीचा खटका, पूर्ण फिरवतो, वर व्हॉल्यूम. बाकीच्या तिघांच्या कानात त्याच वेळी सुया टोचत असतात.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. अशा कानाला हळू आवाज पोचत नाही, पण थोडा मोठा झाला की एकदम बोचतो. काकूंनी हळू हाक मारली तर ओ नाही. जोरात मारली तर “ओरडतेस कशाला?” निम्मा खेकसण्याचा हिशोब इथेच लागतो.

अर्थात निदान करणं माझं काम नाही. मी तात्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. आधी मळ तपासायचा, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी. ते तयार होईनात. “बहिरा म्हणतील. गिटार वाजवणारा बहिरा!” तेव्हा मी प्रसिद्ध ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनचं नाव काढलं. 2018 मध्ये त्यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत आपल्याला ऐकू कमी येऊ लागलंय, कानात आवाज येतात, हे उघड सांगितलं होतं, आणि तरी ते वाजवत होते. माझं समजावणं जिथे थकलं तिथे हे नाव चाललं. पुरुषांना, विशेषतः या पिढीतल्या, सल्ल्यापेक्षा आपल्या माणसाचा दाखला लवकर पटतो, असा माझा अनुभव आहे.

तपासणीच्या कागदावरची रेघ उंच पट्टीकडे जाताना घसरत गेलेली निघाली. दोन्ही कान.

ही गोष्ट मी बाकी तिघांना सांगितली नाही. तो हक्क तात्यांचा. चौघांच्या एकत्र बैठकीत मी एवढंच म्हटलं, की आज स्वभावावर कुणी बोलायचं नाही, वर्कशॉपमध्ये काय दिसतं आणि काय ऐकू येतं तेवढंच सांगायचं. बराच वेळ आवाजावरून कुरकुर झाली. शेवटी तात्यांनी कागद काढून आण्णांच्या मांडीवर टाकला. “हे बघ. तुझी झांज मला ऐकू येत नाही. आता बोल.” आण्णा कागद उलटा धरून बघत राहिले. मग म्हणाले, “मर्दा, आधी सांगायचं न्हाईस?”

पुढचं काम बरंचसं सुतारकीचं होतं. तात्यांचा ॲम्प जमिनीवर होता, म्हणजे गिटार त्यांच्या गुडघ्यांना ऐकू जात होती आणि लांब बसलेल्या बापूंना थेट तोंडावर. तो खुर्चीवर चढवून कानाच्या दिशेने तिरका केला, तर व्हॉल्यूम निम्म्यावर आला. तात्यांची जागा बदलली, आता त्यांना आण्णांची काठी आणि भाऊंचे ओठ दोन्ही दिसतात. पत्र्याला जुनी गोधडी, कोब्यावर सतरंजी. बाकी तिघांनाही मी कानातले प्लग घ्यायला लावले. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीत 85 डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा आहे, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. बंद शेडमधला ड्रमसेट तिथवर सहज जातो.

तात्यांनी श्रवणयंत्र घेतलं. पहिल्या सरावाला गिटारचे लांब सूर चिरकायला लागले, कारण यंत्र बोलण्यासाठी बनवलेलं असतं, लांब सुराला ते स्वतःची शिट्टी समजून दाबायला जातं. ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडून, संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवून घ्यावा लागतो. हे आधीच मागून घ्या, दुकानात आपणहून सांगतीलच असं नाही. उत्पन्न कमी असलेल्या 60 वर्षांवरच्यांनी राष्ट्रीय वयोश्री योजनेची चौकशी करावी, त्यात श्रवणयंत्रं मिळतात. आणि एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं, तर वयाचा परिणाम म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तर काकूंना उत्तर काय दिलं? बँड सोडायला लावू नका. चक बेरी 1996 ते 2014 सेंट लुईसमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये नियमित वाजवत होते, शेवटी शेवटी ऐंशीच्या बऱ्याच पुढे होते, तेव्हा वयाचा मुद्दा राहू द्या. हाक मारताना समोर जा, टीव्ही बंद करून बोला. भांडण नेमकं कुठल्या क्षणी पेटतं ते आठवडाभर बघा. कान, डोळे, गुडघे, औषधं, झोप यांतलं काही मध्ये आहे का ते आधी शोधा. स्वभावाकडे मग या.

सगळं सुटलं असं नाही. आवाजाचा वाद मिटल्यावर भाऊ एकटेच मला भेटायला आले. हँडबिल त्यांच्या मनातून गेलेलं नाही, आणि त्याला कानाचं कारण पुरत नाही. तात्यांशी ते बोलायचं का, हे त्यांचं ठरलेलं नाही. मी घाई केलेली नाही. ते पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत.