त्याला ११ लाख, मला ९

"ताई, ज्याला मी काम शिकवलं, त्यालाच माझ्यापेक्षा जास्त पगार!" गेल्या वर्षभरात माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या जणांच्या तोंडून हे ऐकलं, म्हणून एकाची हकिगत ओळख पुसून सांगते.

तो चौतिशीचा. इंदूरला रामबागेत घर, विजयनगरात कंपनी, हुद्दा अकाउंट मॅनेजर. म्हणजे ठरलेले ग्राहक सांभाळायचे, संपत आलेले करार पुढे चालू करून घ्यायचे, अडकलेली बिलं सोडवायची. पॅकेज ९ लाख. नवा मुलगा ११ लाखांवर आल्याचं कँटीनमध्ये कळलं आणि तेव्हापासून झोप उडाली, घरात चिडचिड सुरू झाली.

पहिल्याच भेटीत पगारपत्र मागवलं. ९ लाखांतले १ लाख २० हजार टार्गेटवर अवलंबून. उरलेल्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही धरलेली. हातात दरमहा ५५ हजारांच्या आसपास. नव्याच्या ११ लाखांत टार्गेटचे किती? ठाऊक नव्हतं. पण अशा हिशेबाने माणूस शांत होत नाही. तोही झाला नाही.

चौथ्या भेटीत विचारलं, "किती मिळाले की बरं वाटेल?"

"अकरा."

"समजा उद्या अकरा झाले. आणि परवा कळलं, त्याचे तेरा केले."

तो बोलायला गेला आणि थांबला. खिशातलं पेन काढून टोपण लावत-काढत राहिला. मीही गप्प बसले. अशा वेळी मध्ये न बोलणं मी वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावलंय. बऱ्याच वेळाने म्हणाला, "म्हणजे माझा असा आकडाच नाही, ताई. मी त्याचाच आकडा घेऊन फिरतोय."

त्या क्षणी मला कळलं, आता हा सावरणार.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी श्रद्धा आहे, ती अशाच अनुभवांमुळे. "जास्त मिळावं" ही इच्छा, आणि ती रास्तच. "मिळालंच पाहिजे, नाहीतर माझी किंमत शून्य" हा हट्ट. झोप उडवतो तो हट्ट. इच्छा सोडा असं मी कुणालाच सांगत नाही. हट्ट सुटला की मागणी उलट नीट मांडता येते.

म्हणून आधी स्वतःचा आकडा काढा: घराचा हप्ता, मुलांची फी, बाहेर तुमच्या कामाला मिळणारा दर. वर्षाची वाढ ठरण्याआधीच साहेबांची वेळ मागा. सहकाऱ्याचं नाव काढू नका, तुम्ही टिकवलेले ग्राहक दाखवा. आणि वाढ पक्क्या पगारात मागा, टार्गेटच्या भागात नव्हे.

तो एकच कागद घेऊन गेला: पुढे चालू ठेवलेले तीन करार आणि आठ महिने अडकलेलं एक बिल. एक लाख मागितले, पक्क्या पगारात सत्तर हजार वाढले.

"आणि त्या मुलाचे किती वाढले?" मी मुद्दाम विचारलं.

"दोनदा विचारावंसं वाटलं, ताई," तो म्हणाला. "विचारलं नाही."