जुन्या टीव्ही गेममध्ये रमलेला मुलगा आणि बारावीनंतरचा प्रश्न

प्रश्न : आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. मुलगा बारावी सायन्सला आहे, ए ग्रुप, म्हणजे गणितवाला. दोन वर्षांपूर्वी माळ्यावर माझ्या भावाचा जुना टीव्ही गेम सापडला आणि तेव्हापासून त्याला वेडच लागलंय. नुसता खेळत नाही, त्या मशीनसाठी स्वतः गेम बनवतो. उत्तरायणातल्या पतंगांचा एक गेम अर्धा झालाय. जगभरातले हौशी लोक अशा मशीनसाठी आजही गेम बनवतात म्हणे. ते खेळतो आणि वहीत त्यांच्यावर मतं लिहितो. अकरावीला मार्क घसरले. आता म्हणतो, इंजिनिअरिंग नको, एका खासगी संस्थेत गेम डिझाइनचा डिप्लोमा करायचाय. फी काही लाखांत आहे. ह्यांचं म्हणणं, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच करायचं, दुसरं काही चालणार नाही. घरात रोज वाद होतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या मशीनसाठी गेम बनवून कोणाचं भलं होणार? बोर्डाची परीक्षा होईपर्यंत सगळं कपाटात कुलूप लावून ठेवू का? सोबत त्याच्या वहीची काही पानं आणि गेमची फाइल पाठवतेय. — एक आई

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

फाइल एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवून मी गेम खेळले आणि वहीची पानंही पूर्ण वाचली. डिप्लोमा आणि फीचं नंतर बोलू. त्याआधी तुमच्या मुलाने नेमकं काय केलंय ते सांगते, कारण आजोबा सोडले तर घरात कोणी त्याचा गेम नीट पाहिलेला दिसत नाही.

तुमच्या भावाचा टीव्ही गेम म्हणजे निन्टेंडोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमची नक्कल. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जे टीव्ही गेम आणि पिवळ्या-काळ्या कॅसेटी होत्या, त्यातले बहुतेक याच जातीचे. या मशीनची कामाची मेमरी २ केबी आहे आणि प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा. त्याच्या चिपला गुणाकारसुद्धा येत नाही. बेरीज, वजाबाकी आणि आकडे सरकवणं यांवर सगळं निभवावं लागतं. एवढ्याशा जागेत तुमच्या मुलाने बडोद्याचं अख्खं आकाश पतंगांनी भरायचं ठरवलं.

तिथेच तो अडला, आणि ते पान मला सगळ्यात आवडलं. हलणारी चित्रं या मशीनमध्ये ८ बाय ८ ठिपक्यांच्या तुकड्यांनी बनतात, त्यांना स्प्राइट म्हणतात. पडद्यावरच्या एका आडव्या रेषेत फक्त आठ स्प्राइट दिसू शकतात, नववा मशीन काढतच नाही. त्याचा पतंग १६ ठिपके रुंद, म्हणजे एका रेषेत दोन स्प्राइट. चार पतंग एका उंचीवर आले की कोटा संपला, पाचवा गायब. आधी त्याने जुनी युक्ती केली : दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र नव्याने काढताना दर वेळी, स्प्राइटचा क्रम फिरवायचा, म्हणजे पतंग नाहीसा न होता लुकलुकतो. त्याखाली त्याने लिहिलंय, ‘लुकलुक चालेल, पण ज्याच्याशी पेच लागलाय तोच पतंग लुकलुकला तर खेळणारा चिडेल.’ मग त्याने लांबचे सगळे पतंग मागच्या चित्रात टाकले, कारण तिथे ही मर्यादा लागत नाही, आणि दोन चित्रं आलटून पालटून दाखवून ते जागच्या जागी डोलते ठेवले. पेच लढवणारे दोन पतंग तेवढे खरे स्प्राइट राहिले. लांबचा पतंग गच्चीवरून तसाही जागच्या जागी डोलतानाच दिसतो. मशीनची अडचण त्याने अशी सोडवली की चित्र उलट अधिक खरं वाटू लागलं. सतरा-अठराव्या वर्षी हे सुचणं मला फार मोलाचं वाटतं.

दुसरं पान आजोबांचं. आधी ए बटण दाबलं की ढील आणि बी दाबलं की खेच, अशी रचना होती. आजोबा हरत राहिले. वहीत नोंद आहे : ‘आजोबांना पतंग येतो, गेम येत नाही. चूक बटणांची.’ मग ढील आणि खेच त्याने वर-खालीच्या बटणांवर नेलं. खेळणाऱ्याला दोष न देता स्वतःच्या रचनेत खोट शोधणं कामाला लागलेल्या कितीतरी लोकांना जमत नाही.

आता मतांची वही. ‘मायक्रो मेजेस’ हा २०१९चा गेम या जुन्या मशीनसाठीच बनवलेला आहे, अवघ्या ४० केबीत, आणि चार जण एकत्र खेळू शकतात. ‘गेम मस्त आहे’ एवढं लिहून तो थांबला नाही. त्यातला प्रत्येक जादूगार ८ बाय ८चा एकच तुकडा आहे, म्हणून चौघे एका रेषेत उभे राहिले तरी चारच स्प्राइट खर्च होतात, हे त्याने मोजून लिहिलंय. २०१०च्या ‘बॅटल किड’वर तो रागावलाय. त्या गेममध्ये एक फटका बसला की मरण. ‘मरायला माझी हरकत नाही, का मेलो ते कळलं पाहिजे,’ असं त्याचं म्हणणं. त्या गेमच्या चाहत्यांना हे पटणार नाही. मला मात्र पटलं, कारण पुढच्याच ओळीत त्याने स्वतःच्या पतंगाला हाच नियम लावलाय : मांजा कुठे घासला ते कटायच्या आधी क्षणभर दिसायला हवं.

एका मताशी मात्र मी मुळीच सहमत नाही. ‘जीबी स्टुडिओ’ हे गेम बॉयचे, म्हणजे निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या जुन्या मशीनचे, गेम कोड न लिहिता बनवायचं फुकट साधन आहे. त्यात बनवलेल्या गेमना तो खरे गेम मानत नाही. खेळणाऱ्याला आतलं असेंब्ली, म्हणजे थेट चिपच्या भाषेतला कोड, दिसत नाही, समोरचा गेम दिसतो. त्याला सांगा, परीक्षेनंतर याच साधनात पाच मिनिटांत संपणारा एक छोटा गेम पूर्ण करून दाखव. पूर्ण, म्हणजे सुरुवातीच्या पडद्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत. वहीत नवीन कल्पना भरपूर आहेत आणि संपलेला एकही गेम नाही. मला खरी काळजी याची वाटते, मशीन जुनं असल्याची नाही. गेम बॉयवरचा ‘टोबू टोबू गर्ल’ त्याला आवडलाय; त्याचा सगळा कोड वाचायला खुला आहे. दुसऱ्याने गेम कसा संपवला हे त्यात ओळीनं ओळ दिसतं.

आता तुमचा प्रश्न : कोणाचं भलं होणार? या जुन्या मशीनचे गेम विकून पोट भरणारे जगात थोडेच. कॅसेटी छापल्या जातात, हौशी संग्राहक त्या घेतात, पण त्यावर संसार उभा करायचा विचार तुम्ही करू नका आणि त्यालाही करू देऊ नका. छंद छंद म्हणून राहू द्या. त्याच्या हाताला जी सवय लागतेय तिला मात्र बाजार आहे, आणि तो आपल्या गावातही आहे. शाळा-कॉलेजात मुलं ज्या आर्डुइनो उनो बोर्डावर प्रोजेक्ट करतात, त्याच्या चिपमध्येही २ केबी रॅम आणि प्रोग्रॅमसाठी ३२ केबी जागा असते. फॅमिकॉमच्या सुरुवातीच्या साध्या कॅसेटमध्येही प्रोग्रॅमसाठी जास्तीत जास्त तेवढीच जागा असे. मीटर, रिले, मोटरचे कंट्रोलर, लिफ्ट, वॉशिंग मशीन, सगळ्यांच्या पोटात असले लहान मेंदू असतात आणि त्यांच्यासाठी कमी जागेत, ठरल्या वेळात चालणारा कोड लिहिणारी माणसं लागतात. मकरपुरा आणि वाघोडियाच्या कारखान्यांत हे शब्द तुमच्या यजमानांच्या कानावर पडले असतील. या कामाला एम्बेडेड सिस्टिम म्हणतात.

गेम कंपन्यांचं जग वेगळं. पुणे, बेंगळुरू, हैदराबादच्या स्टुडिओत आज युनिटी आणि अनरिअल इंजिन या गेम बनवायच्या तयार साधनांवर काम चालतं, सी शार्प आणि सी प्लस प्लसमध्ये. तिथे मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, तू काय बनवलंयस ते दाखव. पतंगांचा गेम पूर्ण झाला तर तो मान वर करून दाखवता येईल. अर्धा राहिला तर त्याला कोणी विचारणार नाही.

दाखवण्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आत्ताच दुरुस्त करून घ्या. त्याच्या गेमची सुरुवातीची धून एका जुन्या, प्रसिद्ध गेममधून उचललेली आहे. घरी खेळायला ठीक, पण गेम चार लोकांना द्यायचा असेल तर धून स्वतःची हवी. कंपनीचे जुने गेम आणि त्यांचं संगीत कॉपीराइटमध्येच असतं. संगणक प्रोग्रॅमही आपल्या १९५७च्या कायद्यात साहित्यकृती म्हणून गणले जातात. फॅमिट्रॅकर नावाचं फुकट साधन आहे, त्यात याच मशीनच्या आवाजात चाल बांधता येते. घरात किंवा शेजारी कोणी गाणं शिकत असेल, तर त्या व्यक्तीला सोबत घ्यायला सांगा. आतापर्यंत त्याने सगळं एकट्याने केलंय. दुसऱ्याबरोबर काम करणंही त्याला शिकायला हवं.

आता दिशा. अशा मुलांबाबत मी एक गोष्ट पाहते : अडल्यावर मूल कुठे वळतं? चित्रं पुन्हा पुन्हा काढत बसलं, तर फाइन आर्ट्स किंवा डिझाइन. मशीनच्या आत शिरलं, तर इंजिनिअरिंग. तुमच्या मुलाच्या गेममध्ये पतंगाचं चित्र एकच आहे, रंग बदलून वापरलेलं, आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. उलट स्प्राइटची मोजणी, साइनच्या किमतींचा तयार तक्ता, बटणांचा विचार यांनी पानंच्या पानं भरली आहेत. तो मशीनच्या आणि खेळणाऱ्याच्या मधल्या जागेत रमतो. म्हणून माझं स्पष्ट मत : बारावीनंतर थेट डिप्लोमा नको, इंजिनिअरिंगची पदवी घ्यावी. कॉम्प्युटरच घ्यायला हवं असं मात्र नाही. यजमानांना एवढं समजावून सांगा की या मुलासाठी इलेक्ट्रॉनिक्स कॉम्प्युटरइतकंच योग्य ठरेल, कदाचित थोडं जास्तच. दोन्हीतलं काय, हे मुलाला ठरवू द्या. इंजिनिअरिंग नकोवर तो अडलाय तो बहुधा त्यावर घरून जबरदस्ती झाली म्हणून. काम नावडतं म्हणून असतं तर वही अशी भरली नसती.

कलाभवन तुमच्या घरापासून जवळच. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते काढलं तेव्हा कला आणि यंत्रविद्या एकाच छपराखाली शिकवायची हा त्यांचा विचार होता. भारतीय सिनेमाचे जनक मानले जाणारे दादासाहेब फाळकेही तिथे शिकलेले. आज तिथे विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा आहे. मुलाला एकदा घेऊन जा, प्रयोगशाळा बाहेरून का होईना पाहू द्या, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांशी बोलू द्या. आई-वडिलांनी सांगितलेलं आणि सीनिअरने सांगितलेलं यांत या वयात फार फरक पडतो.

गेम डिझाइनची इच्छा मारायची नाही. पदवीनंतर एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) बेंगळुरू कॅम्पसमध्ये डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, प्रवेश डॅट परीक्षेतून होतो. चार वर्षांनी त्याची ओढ टिकली असेल तर तिथे जायला पदवी लागेल. आत्ता डिप्लोम्याला बसला तर कदाचित तो दरवाजाच बंद होईल. तरीही तो खासगी संस्थेचाच हट्ट धरणार असेल, तर पैसे भरण्याआधी त्याला तिथे पाठवा आणि दोन गोष्टी विचारून यायला सांगा : गेल्या वर्षीच्या मुलांनी पूर्ण केलेले गेम खेळायला मिळतील का, आणि शिकवणाऱ्यांनी स्वतः कोणते गेम बाजारात आणलेत? कागदावरचा अभ्यासक्रम आणि चकचकीत लॅब दाखवून परत पाठवलं, तर समजून जा. असल्या संस्थेवर घरातले काही लाख घालवू नका.

राहिला मार्कांचा विषय. अकरावी गेली ती गेली. गुजरातच्या प्रवेशात बोर्डाचे मार्क आणि गुजकेट ही राज्याची प्रवेश परीक्षा दोन्ही मोजले जातात, त्यामुळे हे काही महिने अभ्यासाचेच आहेत. त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोला. साइनचा तक्ता बनवणाऱ्या मुलाला त्रिकोणमिती अवघड जाते असं मला वाटत नाही. सरावाअभावी तो हळू पडत असेल. रोज ठरलेल्या वेळेत जुने पेपर घड्याळ लावून सोडवू द्या. केमिस्ट्रीचं वहीत कुठे नावही नाही, तेव्हा बहुधा मार्क तिथेच गेले असतील. तिथे शिकवणी लावायची तर लावा.

आणि कपाटाला कुलूप लावू नका. कुलूप लावलंत तर तो रात्री मोबाइलवर एम्युलेटर उतरवेल, आणि मग वहीही तुम्हाला दाखवणार नाही. रविवारी दुपारी दोन तास त्या गेमचे असू द्यात, तेही असलेल्या चुका दुरुस्त करण्यापुरते. नवीन काही सुरू करायचं नाही ही अट त्याच्याकडून कबूल करून घ्या. गुजकेट संपली की पतंगांचा गेम पूर्ण करायला दोन महिने द्या आणि त्या काळात ‘आता तरी दुसरं काही कर’ असं म्हणू नका. फॉर्ममध्ये शाखांचा पसंतीक्रम भरायची वेळ आली आणि घरात पुन्हा वाद झाला, तर त्याची मार्कलिस्ट आणि पूर्ण झालेला गेम दोन्ही मला पाठवा, मग त्याच्याशी आणि यजमानांशी मी स्वतः बोलेन.