रेडिंगच्या शाळा: अर्ज भरण्याआधी समजून घ्यायचे शब्द

येत्या जानेवारीत, म्हणजे २०२६ च्या सुरुवातीला, तुम्ही नाशिकहून इंग्लंडमधल्या रेडिंगला येणार आहात, मुलगी तिसरीत आणि मुलगा नववीत आहे, आणि कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाच्या, प्रवेश-अर्जातल्या शब्दांचा अर्थ लागत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. कागदपत्रांचा भाग सोपा आहे, तो आधी उरकतो. मुलांच्या जन्मदाखल्यांच्या इंग्रजी प्रती, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तके आणि इथल्या पत्त्याचा पुरावा, म्हणजे बहुधा घराचा भाडेकरार, एवढ्यावर काम भागते. शाळा सोडल्याचा दाखला इथे कोणी मागत नाही. तरीही तो काढून ठेवावा, कारण पुढे कधी परत जायचे झाले तर तिकडची शाळा सर्वांत आधी तोच मागेल.

खरा विचार करायला हवा तो ‘इयर ग्रुप’चा. इंग्लंडमध्ये मूल कोणत्या वर्गात बसणार हे मागची इयत्ता पाहून नव्हे, तर जन्मतारीख पाहून ठरते. १ सप्टेंबर ते पुढच्या वर्षीच्या ३१ ऑगस्टपर्यंत जन्मलेली मुले एका वर्गात असतात, आणि नापास करून मागे ठेवणे हा प्रकार जवळजवळ नाही. मुलीचा जन्म नोव्हेंबर २०१७ चा असल्यामुळे ती इयर थ्रीमध्ये जाईल. तिच्या बाबतीत तिसरीची तिसरीच राहील. मुलगा ऑगस्ट २०११ चा आहे, त्यामुळे तो नववीतून उठून थेट इयर टेनमध्ये बसेल, तेही वर्गातल्या सर्वांत लहान मुलांपैकी एक म्हणून. एक वर्ष खालच्या वर्गात बसवण्याची विनंती करता येते, पण निर्णय प्रवेश देणाऱ्या संस्थेच्या हाती असतो आणि होकार क्वचितच मिळतो.

इयर टेन आणि इयर इलेव्हन मिळून ‘की स्टेज फोर’ होते, आणि तिच्या शेवटी मे-जूनमध्ये ‘जीसीएसई’ची, म्हणजे आपल्या दहावीसारखी, परीक्षा असते. इंग्रजी, गणित आणि विज्ञान सर्वांना घ्यावे लागते. बाकीचे विषय, ज्यांना ‘ऑप्शन्स’ म्हणतात, ते वर्गातल्या मुलांनी आदल्या वर्षीच निवडलेले असतात. जानेवारीत आलेल्या मुलाला इतिहास हवा असला आणि त्या तासाला जागा नसली, तर जे शिल्लक असेल ते घ्यावे लागते. शिवाय सर्वांसाठी एकच परीक्षा मंडळ नसते. एक्यूए, एडेक्सेल, ओसीआर यांपैकी शाळा विषयागणिक निवड करते, म्हणून पुस्तके विकत घेण्याआधी प्रत्येक विषयाचे मंडळ विचारून घ्यावे. गणिताची मला फारशी काळजी वाटत नाही. तिथे ‘फाउंडेशन’ आणि ‘हायर’ असे दोन ‘टियर’, म्हणजे प्रश्नपत्रिकेच्या पातळ्या, असतात, आणि ९ ही सर्वोच्च श्रेणी असताना फाउंडेशनमध्ये जास्तीत जास्त ५ मिळते. त्यामुळे मुलगा कोणत्या ‘सेट’मध्ये, म्हणजे कुवतीनुसार पाडलेल्या तुकडीत, बसवला गेला आहे याकडे पहिल्या महिन्यातच लक्ष द्यावे. इंग्रजी साहित्य मात्र जड जाते. शेक्सपिअरचे एक नाटक, एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी आणि कवितांचा एक संच असतो, परीक्षेत पुस्तक जवळ ठेवता येत नाही, आणि आपला मुलगा पोहोचेपर्यंत वर्गाचा बराच भाग शिकून झालेला असतो.

म्हणून तुम्ही विचारले नसले तरी स्पष्ट लिहितो. मुलाला जानेवारीत आणणे अवघड आहे, पण जमण्यासारखे आहे. ‘हे वर्ष तिकडे पुरे करू दे’ म्हणून त्याला सप्टेंबर २०२६ मध्ये आणणे सर्वांत वाईट, कारण तेव्हा तो इयर इलेव्हनमध्ये येईल आणि परीक्षेला आठ-नऊ महिनेच उरतील. आजी-आजोबांकडे किंवा तुमच्यापैकी एकाजवळ राहून त्याने मार्च २०२७ मध्ये नाशिकलाच दहावी दिली, तर सप्टेंबर २०२७ मध्ये तो स्वतःच्या वयाच्या मुलांबरोबर इयर ट्वेल्व्हला, म्हणजे ‘सिक्स्थ फॉर्म’ला (इथल्या अकरावी-बारावीला), येऊ शकतो आणि त्याचे एकही वर्ष वाया जात नाही. घरातली ताटातूट सोसणार असेल तर मी हाच मार्ग धरेन. मात्र दहावीचे गुण कसे धरले जातील हे दोन-तीन सिक्स्थ फॉर्मना आत्ताच लेखी विचारावे, कारण इंग्रजी आणि गणितात किमान ४ श्रेणीइतकी पात्रता नसेल तर ते विषय पुन्हा शिकावे लागतात.

आता प्रवेशाविषयी. सप्टेंबरच्या नियमित फेरीबाहेर मिळणाऱ्या प्रवेशाला ‘इन-इयर अ‍ॅडमिशन’ म्हणतात. अर्ज कौन्सिलकडे किंवा थेट शाळेकडे करायचा असतो, आणि उत्तर शाळेच्या कामकाजाच्या १५ दिवसांत यायला हवे. ‘कॅचमेंट’ म्हणजे शाळेने ठरवलेला परिसर. त्यात घर असले तरी वर्गाचा पट भरलेला असेल तर जागा मिळत नाही, नाव ‘वेटिंग लिस्ट’वर जाते आणि स्वतंत्र समितीपुढे ‘अपील’ करता येते. बहुतेक जण शाळेचे नाव ऐकून घर घेतात आणि मग कौन्सिल तीन मैलांवरची दुसरीच शाळा देते. भाडेकरारावर सही करण्याआधी कौन्सिलच्या अ‍ॅडमिशन्स विभागाला ईमेल करून, तुमच्या दोन्ही वर्गांत कोणत्या शाळांत जागा रिकाम्या आहेत, एवढे विचारा. ही माहिती देणे त्यांना बंधनकारक आहे. शाळा अ‍ॅकॅडमी आहे, कम्युनिटी आहे की चर्चशी जोडलेली, यावर फार वेळ घालवू नका. सरकारी पैशावर चालणाऱ्या यांपैकी कोणत्याही शाळेत फी नसते. ऑफस्टेड या तपासणी संस्थेचा एका शब्दाचा शेरा सप्टेंबर २०२४ पासून बंद झाला आहे, तेव्हा जुन्या ‘आउटस्टँडिंग’वर भिस्त न ठेवता अहवाल पूर्ण वाचा.

मुलीचे मार्गी लागेल. पुढच्या वर्षी, इयर फोरमध्ये, पाढ्यांची संगणकावर चाचणी असते: २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद. आपल्याकडे पाढे पाठ केलेल्या मुलांना ती खेळासारखी वाटते. इयर सिक्सच्या मे महिन्यात ‘सॅट्स’, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या देशभर एकच असलेल्या चाचण्या, असतात. रेडिंगमध्ये मुलींसाठी केंड्रिक ही ग्रामर स्कूल, म्हणजे प्रवेशपरीक्षा घेऊन मुले निवडणारी सरकारी शाळा, आहे. तिचा विचार असेल तर ‘इलेव्हन प्लस’ या प्रवेशपरीक्षेची नोंदणी इयर फाइव्हमध्येच करावी लागते, हे ध्यानात असू द्या.

शेवटचा मुद्दा हजेरीचा, कारण आपल्या लोकांना फटका बसतो तो इथेच. हजेरी रोज दोनदा घेतली जाते आणि प्रत्येक अर्धा दिवस एक ‘सेशन’ धरला जातो. सकाळची हजेरी बंद झाल्यावर कारणाशिवाय आलेले मूल शाळेत असूनही त्या सेशनला ‘अनऑथराइज्ड’ गैरहजर लागते. दहा आठवड्यांत अशी दहा सेशन्स, म्हणजे पाच दिवस, झाली की दंडाची नोटीस येऊ शकते: प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड, २१ दिवसांत न भरल्यास १६०. दोन मुले आणि दोन पालक धरले तर चुलतभावाच्या लग्नासाठी घेतलेला एक आठवडा ३२० पौंडांना पडतो, आणि लग्न हे कारण मुख्याध्यापक सहसा मान्य करत नाहीत. दिवाळीचा दिवस धार्मिक सण म्हणून आधी कळवल्यास मंजूर होतो. भारतात यायचे तर जुलैअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतची सुट्टी किंवा नाताळाचे वा ईस्टरचे दोन आठवडे एवढाच वेळ उरतो, आणि विमानभाडे तेव्हाच सर्वांत जास्त असते. म्हणून शाळेचे पुढच्या वर्षाचे ‘टर्म डेट्स’चे पत्रक हाती पडताच तिकिटे काढावीत.