काट्यावर हिरवी, पट्टीवर पिवळी – १४ महिन्यांच्या मुलीचं नक्की काय समजायचं?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी १४ महिन्यांची, वजन ७.६ किलो, लांबी ७४ सेंमी, अंगणवाडीत काट्यावर हिरव्या रंगात आली पण दंडाचा घेर मोजायची पट्टी लावली तर १२.२ सेंमी आली आणि ताईंनी मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित, लिहिलं. सासूबाई म्हणतात आमच्यात सगळे बारीकच, डॉक्टर म्हणाले खेळते ना मग ठीक आहे, आणि तू विचारतेस की खरं कोणाचं धरू आणि कुठली पावडर सुरू करू.

तुला तू म्हटलं तर चालेल ना, माझी धाकटी तुझ्याच वयाची असेल. मी १९९४ ला अंगणवाडी सेविका म्हणून लागले, जव्हार-मोखाडा भागात, नंतर मुख्यसेविका, म्हणजे बऱ्याच अंगणवाड्यांवर देखरेख करणारी, झाले. तेव्हा जव्हारमधल्या वावर-वांगणीच्या, कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंची गोष्ट ताजी होती, आणि आमच्याकडे काय तर झाडाच्या फांदीला टांगलेला साल्टर काटा, त्याला झोळी, आणि पोराचं वय विचारलं की आई सांगणार "आवणीच्या टायमाला झाला." आता आवणी म्हणजे जूनचा शेवट की जुलैचा शेवट, तिथेच महिन्याचा फरक पडायचा आणि वयाप्रमाणे वजनाची सगळी श्रेणीच चुकायची. म्हणून मापाच्या बाबतीत मी जरा जास्तच चिकित्सक आहे, सांभाळून घे.

तर आधी हे, की काटा पण खरा आणि पट्टी पण खरी असू शकते. दोन्ही वेगवेगळं मोजतात. काट्यावरचं वजन आपण वयाशी लावतो किंवा लांबीशी लावतो, पट्टी फक्त दंडावरचं मांस आणि चरबी किती ते सांगते. ६ महिने ते ५ वर्षं या वयात दंडाचा घेर फार बदलत नाही म्हणून एकच आकडा सगळ्यांना चालतो, साडेअकरा सेंमीच्या खाली सॅम म्हणजे तीव्र कुपोषित, साडेअकरा ते साडेबाराच्या आत मॅम, साडेबारा आणि वर ठीक. आता तुझ्या मुलीचं बघ, १४ महिन्यांच्या मुलीला वयाप्रमाणे खालची रेघ, म्हणजे जिच्या खाली गेलं की वजन कमी धरतात ती, ७.४ किलो आहे, ती ७.६, म्हणजे जेमतेम वर. ७४ सेंमी लांबीला खालची रेघ ७.५, तिथेही जेमतेम वर. आणि दंड १२.२, तो खाली. तीनही आकडे एकच सांगतायत की पोरगी काठावर उभी आहे, फक्त एका मापात पाय घसरलाय. आणि नियम असा आहे की एका मापात आली तरी मॅम धरायचं, त्यामुळे ताईंनी लिहिलं ते बरोबरच लिहिलं, त्यांच्यावर चिडू नकोस.

पण तरी माप परत घे. माझ्या देखरेखीतल्या एका अंगणवाडीत भिंतीवर टेप चिकटवून दीड वर्षाच्या पोरांना उभं करून मोजत होते, पोरं वाकायची, रडायची, आणि नंतर पडवीत झोपवून पाटावर मोजलं तर कोणाची दोन सेंमी जास्त कोणाची तीन सेंमी कमी. दोन वर्षांच्या आतलं मूल झोपवूनच मोजायचं, आणि दोन माणसं लागतात, एकाने डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे आणि खालची फळी तळपायाला लावायची. एकट्या बाईने हे होतच नाही. तुला वाटेल दोन सेंमीने काय होतंय, पण तुझ्या मुलीची लांबी ७४ च्या जागी ७६ निघाली तर ७.६ वजन तिथल्या रेघेच्या, म्हणजे ७.८ च्या, खाली जातं आणि काट्यावरही ती मॅममध्ये येते. वजन करताना स्वेटर, पैंजण, भरलेलं डायपर काढून ठेव.

पट्टी डाव्या दंडाला. कोपर काटकोनात वाकवायचं, खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंत मोजून बरोबर मध्यावर पेनाने ठिपका द्यायचा, मग हात सरळ सैल सोडायचा आणि त्या ठिपक्यावर पट्टी, अशी की कातडीला वळही पडू नये आणि मध्ये फटही राहू नये. घाईत ठिपका न देता अंदाजाने लावली की दोन-तीन मिलिमीटर इकडे तिकडे होतात आणि तुझ्या केसमध्ये तेवढ्यावरच सगळं आहे.

आता मला जे खरं खटकलं ते सांगते. तू खाली ओझरतं लिहिलंयस की ९ महिन्यांना ती ७.३ होती. अगं, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे! ९ महिन्यांना ७.३ म्हणजे ती तक्त्यातल्या मधल्या (सरासरी वजनाच्या) रेघेच्या एकच पायरी खाली होती, अगदी छान. त्याच वाटेने चालली असती तर आज ८.३ च्या आसपास असायला हवी होती. पाच महिन्यात एक किलो वाढायच्या जागी ३०० ग्रॅम वाढली. रंग हिरवाच राहिला म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही, पण कार्डावरचे ठिपके जोडून बघ, रेघ जवळपास आडवी झाली असणार. मी नव्या सेविकांना हेच सांगत आले की रंग नंतर बघा, आधी रेघ कुठे चाललीय ते बघा. खालून वर चाललेल्या पिवळ्या पोराची मला कधी फार काळजी वाटली नाही, वरून खाली येणाऱ्या हिरव्या पोराची वाटते.

सासूबाईंचं म्हणणं अगदी उडवून लावू नको, जन्माचं वजन २.४ होतं म्हणजे सुरुवातच थोडी कमी होती. पण "आमच्यात सगळे बारीक" हे पहिल्या पाच वर्षांना लागू पडत नाही. आपण जे तक्ते वापरतो ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ ला काढले, सहा देशांतल्या मुलांवरून, त्यात आपल्या दिल्लीची मुलंही होती, आणि त्यात दिसलं हेच की आईचं दूध, पुरेसं खाणं आणि स्वच्छता मिळाली की लहान मुलं सगळीकडे जवळजवळ सारखीच वाढतात. आणि बारीक मुलं आपल्याकडे इतकी आहेत की नजरेला तीच नॉर्मल वाटायला लागलीत, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने कमी वजनाची निघाली. चारातलं एक. शेजारच्या पोराशी तुलना करून काही कळत नाही ते यामुळेच.

नजर दुसऱ्या बाजूनेही फसवते. एका पाड्यावर दोन वर्षांचा मुलगा होता, गाल गुबगुबीत, वजन हिरव्यात, आजी कौतुकाने पुढे आणायची. आमच्या मदतनीस बाई म्हणाल्या मॅडम याचे पाय बघा. मी दोन्ही पावलांवर अंगठे ठेवून एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन मोजेपर्यंत दाबले आणि उचलले तर दोन्हीकडे खड्डा तसाच, ओल्या मातीत बोट रुतावं तसा. दोन्ही पायांवर अशी सूज असेल तर काटा काही का सांगेना, ते मूल सॅमच. त्याच दिवशी जीपने पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवला. सूज उतरली तेव्हा त्याचं वजन आधी किलोभर कमी झालं, आजी घाबरून गेली की दवाखान्यात पोर वाळवलं, पण ते पाणी होतं, खरं मांस नंतर चढलं. तर तुझ्या मुलीचे पाय पण एकदा दाबून बघ, अर्धं मिनिट लागतं.

खाण्याचं. पावडर नको. डब्याच्या मागे साखर किती ते वाच आणि ते पैसे अंड्यांना, तुपाला लाव. तू लिहिलंयस की वरणाचं पाणी, बाटलीतून दूध आणि दुपारी चहा-बिस्कीट. यात पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही, एवढंसं पोट असतं, ते पाण्याने आणि दुधाने भरलं की जेवायला जागाच कुठे. बाटली बंद, चहा पूर्ण बंद, चहाने जेवणातलं लोहही नीट शोषलं जात नाही. अंगावरचं दूध चालू असेल तर दोन वर्षांपर्यंत चालूच ठेव पण जेवण आधी, दूध नंतर. वरणाचं पाणी नको, घट्ट वरण-भात कुस्करून, चमचा तिरका केला तर खाली ओघळणार नाही इतका घट्ट, आणि प्रत्येक वाटीत एक छोटा चमचा तेल किंवा तूप, त्या एका चमच्यात ४५ कॅलरी असतात आणि वाटीचा आकार वाढत नाही. शेंगदाण्याचं बारीक कूट (अख्खा दाणा अजिबात नाही, घशात अडकतो), रोज एक अंडं खात असाल तर, नाचणीची खीर, सुकट भाजून पूड करून भातात, आमच्याकडे बायका करतात आणि पोरं आवडीने खातात. दिवसातून तीन-चार वेळा जेवण, मध्ये दोनदा केळं, लाडू असं काही. वेगळ्या ताटलीत वाढ म्हणजे किती खाल्लं ते कळेल. मोबाईल दाखवून भरवू नको.

सोबत डॉक्टरांकडे परत जा, पण "बारीक आहे का" असं विचारू नको, कार्ड पुढे ठेव आणि म्हण पाच महिन्यात ३०० ग्रॅमच वाढली, का ते बघा. हिमोग्लोबिन करून घे, या वयात ११ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया. लघवी तपासायला सांग, मुलींमध्ये लघवीचं इन्फेक्शन काही लक्षणं न दाखवता वजन अडवतं. घरात कोणाला जुना खोकला किंवा टीबी असेल तर ते लपवू नको, आधी तेच सांग. जंताचं औषध वर्ष झाल्यावर सुरू होतं, दोन वर्षांपर्यंत अर्धी गोळी चुरून. आणि ताप, उलट्या, मरगळ आली, खाणं एकदम सोडलं किंवा दंड साडेअकराच्या खाली गेला तर मग थांबायचं नाही, सरळ दवाखाना.

चालत नाही अजून म्हणालीस, ते धरून उभी राहते, फर्निचरला धरून पावलं टाकते ना, मग १८ महिन्यांपर्यंत वाट बघायला हरकत नाही. मी या वयात चालण्यापेक्षा दुसरं बघते. मागून नाव घेतलं तर वळते का, हवी ती वस्तू बोटाने दाखवायला लागलीय का, चुरमुरा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत उचलते का, टाटा करते का. आणि आधी येत होतं ते आता बंद झालं असं काही असेल तर एक दिवससुद्धा थांबू नको. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, दोन डॉक्टर असतात, २०१३ ला हा कार्यक्रम आमच्या पालघरलाच सुरू झाला होता. ताईंना तारीख विचारून ठेव आणि त्या दिवशी सुट्टी काढ, कारण सोबत आजी गेली की डॉक्टरांनी विचारलेल्या निम्म्या गोष्टींना "हो हो सगळं करते" असंच उत्तर जातं. एका चार वर्षांच्या मुलाला सगळा पाडा मंद म्हणायचा, तपासणीत निघालं की दोन्ही कान वाहून वाहून त्याला ऐकूच कमी येत होतं.

आता तुला काम देते. उद्या झोपवून लांबी, कपडे काढून वजन, ठिपका देऊन दंड, तिन्ही तारखेसकट लिहून ठेव. आजपासून वर सांगितलंय तसं खाणं. १५ दिवसांनी त्याच काट्यावर, त्याच वेळेला परत मोज आणि दोन्ही आकडे इथे टाक, सोबत ९ ते १४ महिन्यांच्या मध्ये कधी जुलाब, ताप, गोवर किंवा तुझं कामावर परत जाणं असं काही झालं का तेही लिही, मी बघते.