गणितात रमणारी लेक आणि बुडालेल्या टेस्ट

‘मुलगी अकरावी सायन्सला आहे. जेईईचा क्लास लावलाय, पण टेस्ट बुडवून वहीत भलतंच गणित करत बसते. परवा रात्री साडेअकराला मला उठवून ‘आई, हे बघ किती सुंदर आहे’ म्हणाली. डोळ्यांत चक्क पाणी! सौंदर्याने पोट भरतं का हो?’ – एक आई, सांगली

ताई, नमस्कार.

वहीच्या पानांचे फोटो सोबत जोडलेत ते फार बरं केलंत. पहिल्या पानावर ६१७४ आहे, देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी शोधलेला. लेकीने २०२५ घेतलाय. अंक उतरत्या क्रमाने ५२२०, चढत्या क्रमाने ०२२५, वजाबाकी ४९९५. उत्तराचं पुन्हा तेच करत गेलं की सहाव्या वजाबाकीला ६१७४ येतो आणि तिथेच अडकतो. खाली तिने लिहिलंय, ‘भारी! पण का?’

पुढच्या पानावर रांगोळीचे ठिपके. आधी एक. त्याच्या उजवीकडे, खाली आणि कोपऱ्यात मिळून तीन, झाला दोन बाय दोनचा चौकोन. पुढचा काटकोनी पट्टा पाचाचा, मग सातांचा. १+३+५+७ म्हणजे १६, चार चोक. एकपासून ओळीने विषम संख्या मिळवत गेलं की दर वेळी पूर्ण वर्गच का येतो, हे सूत्राशिवाय डोळ्यांना दिसतं. तुमची झोपमोड बहुधा याच पानापायी झाली.

६१७४ पाहून कुणीही थक्क होईल. ही मात्र ‘का?’ विचारते, आणि रांगोळीत कारण हाती लागेपर्यंत स्वस्थ बसली नाही, आणि मला भरवसा वाटतो तो यामुळे. पाण्याचं म्हणाल तर घाबरू नका. २०१४ साली लंडनचे मेंदूशास्त्रज्ञ सेमिर झेकी यांच्या चमूने १५ गणितज्ञांना सूत्रं दाखवत त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. सुंदर वाटलेल्या सूत्राला मेंदूचा तोच भाग जागा झाला, जो चित्र वा संगीत भावलं की होतो.

आता पोटाचं. बारावीनंतर भारतीय सांख्यिकी संस्थेचा बंगळूरूचा बी.मॅथ हा गणिताचा पदवी अभ्यासक्रम, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, पुण्याचं आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) ही चांगली ठिकाणं. पुढे संशोधन-प्राध्यापकी तर आहेच, शिवाय विमा, बँका, डेटा, क्रिप्टोग्राफी म्हणजे माहिती गुप्त ठेवण्याचं शास्त्र. जागा मोजक्या असतात. पहिल्या दोन ठिकाणच्या प्रवेश परीक्षेत नुसते पर्याय निवडून भागत नाही, सिद्धता लिहावी लागते. क्लासमध्ये ती सवय सहसा लागत नाही. म्हणून तिला सांगा, रांगोळीचा मुद्दा दहा ओळींत असा लिही की शेजारच्या काकूंना बोट न दाखवता कळेल.

एक गोष्ट मात्र पारखून घ्या. आठवडाभर न सुटणाऱ्या गणिताशी तिचं कसं जमतं? हुशार मुलांनी चौथ्या दिवशी वही मिटलेली मी पाहिली आहे. या शिक्षणात सुंदर क्षण थोडे, अडून बसणंच फार.

टेस्ट बुडवणं बंद. आयसरच्या परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीही असतं, हे तिच्या कानावर घाला. आणि चारही अंक सारखे नसतील तर कुठल्याही चार अंकी संख्येला ६१७४ गाठायला सातपेक्षा जास्त वजाबाक्या लागत नाहीत, हे एवढ्यात सांगू नका. पुढचे तीन दिवस ती क्लासला फिरकणार नाही.