गोदामात लोडिंगचं काम करणाऱ्याने अ‍ॅपमध्ये ॲक्टिव्हिटी लेव्हल कोणती धरावी?

तुम्ही दिलेली माहिती अशी: वय २९, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, भिवंडीत नऊ तासांची लोडिंग-अनलोडिंगची शिफ्ट, रविवारी सुट्टी. अ‍ॅपमध्ये ‘मॉडरेट’ टाकलं तर २४६५ कॅलरी येतात, ‘एक्स्ट्रा ॲक्टिव्ह’ टाकलं तर ३०२०. वजन वाढू द्यायचं नाही, मग खरं कोणतं मानायचं?

माझा अंदाज २८०० च्या आसपास. मी याच पट्ट्यात आधी लोडिंग केलंय, आता डॉकवर सुपरवायझर आहे. गाडी लागल्यावर माणसं कशी राबतात आणि गाडी लागेपर्यंत काय करतात, हे दोन्ही रोज बघतो.

अ‍ॅपमधले प्रत्येक लेव्हलचे ते १.२, १.५५, १.९ असे गुणक मुळात ऑफिसात बसून आठवड्यातून इतके दिवस व्यायाम करणाऱ्यांच्या भाषेत लिहिलेले असतात. आपलं काम त्यात बसवायला गेलं की ‘मी हमाली करतो, म्हणजे सगळ्यात वरचं’ असं वाटणं साहजिक आहे. पण कामाचं नाव बघून कॅलरी ठरत नाहीत, तास बघून ठरतात. त्यामुळे अख्खे २४ तास मांडा.

आधी बीएमआर, म्हणजे नुसतं पडून राहिलात तरी शरीराला लागते ती ऊर्जा. अ‍ॅप तुमच्यासाठी १५९० धरतं. भारतीयांचा बीएमआर त्या परदेशी सूत्रांपेक्षा थोडा कमी भरतो, म्हणून मी १५५० धरतो. तासाला साधारण ६५ कॅलरी. आता प्रत्येक कामाला याची किती पट लागते ते बघायचं. झोप एक पट. बसून मोबाइल, टीव्ही, जेवण दीड पटीच्या आतबाहेर. हातात फारसं वजन न घेता चालणं तीन पट. गोणी उचलून नेणं, रिकाम्या हाताने परत येणं, थप्पी लावणं हे सगळं मिळून पाच-साडेपाच पट. ५० किलोची गोणी पाठीवर असते तेवढा वेळ आकडा याच्याही वर जातो, पण तो वेळ मिनिटांचा असतो.

खरी मेख शिफ्टमध्ये आहे. नऊ तासांत प्रत्यक्ष उचलाउचली किती? साध्या दिवशी दोन तास निघाले तरी पुष्कळ. तीन तास चालणं, स्कॅनिंग, हँडपॅलेट (माल हलवायची हातगाडी) ओढणं. उरलेले चार तास गाडीची वाट, चलनाचा घोळ, जेवण, चहा आणि ‘सिस्टीम डाऊन आहे’. तासांना त्या-त्या कामाच्या पटीने गुणलं की ११ अधिक ९ अधिक ६, शिफ्टचे २६ झाले. आठ तास झोपेचे ८, दीड तास प्रवासाचे २, दीड तास अंघोळ आणि घरकामाचे ३.६, चार तास आरामाचे ५.६. एकूण ४५.२, भागिले २४, आला १.८८. रविवार धरून आठवड्याची सरासरी १.८२ च्या घरात जाते. १५५० ला गुणलं की २८२०.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ६५ किलोच्या पुरुषासाठी जे आकडे दिले त्यात बैठं काम २११०, मध्यम २७१०, जड ३४७० असं आहे. म्हणजे घाम कितीही निघो, तुमचा आठवडा ‘मध्यम’मध्येच बसतो. ३४७० धरून जेवायला लागलात तर पोट सुटणारच. आमच्याकडे लोडिंगवाल्यांना ढेरी का असते याचं निम्मं उत्तर इथे आहे. (बाकीचं निम्मं वडापावच्या गाडीवर.)

उचलण्याचा एक तास जास्त धरलात आणि तो खरं तर वाट बघण्यात गेला असेल, तर हिशोब २६० कॅलरीने चुकतो. म्हणजे ज्वारीची एक चांगली जाड भाकरी. त्यामुळे आठवडाभर मोबाइलमध्ये फक्त एवढंच टिपा: गाडी कधी लागली, कधी सुटली.

कॅलरी मोजणाऱ्या मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाचं म्हणाल तर ते दोन्हीकडून फसवतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली शरीर थंड ठेवायलाच हृदय जोरात चालतं, घड्याळाला वाटतं कॅलरी जळतायत. उलट हँडपॅलेट दोन्ही हातांनी धरून ढकलता तेव्हा मनगट हलत नाही आणि पावलं मोजायची राहून जातात. पाठीवर वजन आहे की नाही, हे तर त्याला कळतच नाही. शिवाय अ‍ॅपमध्ये वरची लेव्हल निवडून त्यात घड्याळाच्या कॅलरीही जोडू नका. एकच मेहनत दोनदा मोजली जाते. यात बरेच जण अडकतात.

आणखी एक गोष्ट. टांझानियातल्या हाड्झा या शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च संशोधकांनी मोजला होता, तो अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. दिवसभर पायपीट करूनही, शरीराचा आकार लक्षात घेतला तर, त्यांचा खर्च शहरी पाश्चात्त्य माणसाएवढाच निघाला. शरीर कुठेतरी काटकसर करतं. शिफ्टनंतर आपण घरी कसे आडवे होतो ते आठवा.

म्हणून २८०० हा फक्त सुरुवातीचा आकडा. तीन आठवडे रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. शिफ्ट संपल्यावरचं वजन धरू नका, किलोभर तर घामाचं पाणीच गेलेलं असतं. खाल्लेलं सगळं लिहा, फोडणीचं तेल आणि साखरेचे चहा धरून. सरासरी हलली नाही तर जेवढं खाताय तेवढाच तुमचा खर्च. आठवड्याला पाव किलो वाढत असेल तर रोज साधारण २७५ कॅलरी जास्त जातायत, कारण किलोभर चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी.

दिवाळीच्या सेलमध्ये मात्र हा हिशोब नव्याने मांडा. उचलण्याचे दोन तास चार झाले की रोजचे पाचशे कॅलरी वाढतात. त्या दिवसांत ओव्हरटाइम नुसत्या चहा-बिस्किटांवर काढू नका, डब्यात दोन भाकऱ्या आणि उसळ जास्तीची न्या.